पाणी नितळ, तरी मासे का मेले?

प्रश्न : लेकीसाठी दोन फुटी टाकी आणली, त्याच दिवशी सहा गोल्डफिश सोडले. आठवड्यात चार मेले. पाणी तर नितळ आहे!

उत्तर : ताई, नितळ पाण्यातही माशांना विषारी असा अमोनिया असतो, माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून तो सुटतो. त्याला आधी नायट्राइट, मग सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. माझेही पहिले मासे असेच गेले, अजून हळहळतो. उरलेल्या दोघांना खाणं चिमूटभरच द्या. रोज पाव टाकी पाणी बदला, पण क्लोरिन घालवणारं औषध टाकूनच. स्पंज नळाखाली मुळीच धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. आणि गोल्डफिश आता वाढवू नका. तुमच्या टाकीला दोनसुद्धा भरपूर झाले.