गिझर गळतो, पण नेमका कोठून?

प्रश्न : वाघोलीतील आमच्या सदनिकेत २५ लिटरचा विजेचा गिझर असून सोसायटीला बरेचसे पाणी टँकरचे येते. गेल्या काही दिवसांपासून गिझरखाली थेंब पडतात. सकाळी ते जास्त पडतात, दुपारी जवळजवळ नाहीतच. प्लंबरच्या मते सेफ्टी व्हॉल्व्ह खराब झाला असून त्याला प्लग मारला की काम होईल. शेजारी म्हणतात, टाकीच फुटली असणार. आम्ही काय करावे?
– एक वाचक, वाघोली

उत्तर : प्लग मात्र कोणत्याही परिस्थितीत मारू देऊ नका. ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि तो चुकल्यास वीज तोडणारा कटआउट दोन्ही निकामी झाले आणि पाणी तापतच राहिले, तर टाकीतील दाब बाहेर पडायला तो व्हॉल्व्ह हीच शेवटची वाट असते. ती बुजवलेला गिझर न्हाणीघरात डोक्यावर टांगून ठेवणे धोक्याचे आहे.

गळती सकाळी जास्त आणि दुपारी नाही, ही आपण दिलेली माहिती फार उपयोगाची आहे. पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे दीड टक्क्याने फुगते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी जास्तीचे होते. थंड पाण्याच्या जोडावर पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असेल, तर या वाढीव पाण्याला मागे सरकता येत नाही आणि ते सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारीक तोटीतून थेंबाथेंबाने बाहेर पडते. गिझर तापत असताना एवढे ठिबकणे हा बिघाड नव्हे. व्हॉल्व्ह आपले काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. तोटीला लहान नळी जोडून ती मोरीत सोडली की प्रश्न मिटतो. पाणी तापलेले नसतानाही तोटी गळत असेल, तर मात्र व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षाराचा कण अडकलेला असतो किंवा लाइनमधील दाब गिझरच्या क्षमतेपेक्षा जास्त असतो. खडकवासल्याचे पाणी सौम्य आहे. बोअरचे किंवा बोअरवर भरलेल्या टँकरचे पाणी जड असते आणि व्हॉल्व्ह, कॉइल अशा सर्वांवर थर चढवते. गच्चीवर प्रेशर पंप असल्यास किंवा उंच इमारतीत आपण खालच्या मजल्यावर राहत असल्यास (दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब वाढतो) गिझरवर लिहिलेला दाबाचा आकडा एकदा वाचून घ्यावा.

थेंब तोटीचाच आहे, याची खात्री मात्र आधी करावी लागेल. प्रथम एमसीबी बंद करावा, कारण गळके पाणी खालच्या झाकणात शिरले तर ते कॉइलच्या टर्मिनलपर्यंत पोहोचते; नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गिझर बंदच ठेवावा. मग गिझर, नट आणि दोन्ही जोडनळ्या कोरड्या फडक्याने पुसून खाली वर्तमानपत्र पसरावे आणि तासाभराने पाहावे. नटाच्या कडेला पांढरट-हिरवट खपली आणि त्याखाली नळीवर ओली रेघ दिसली, तर जोड गळतो आहे. वॉशर आणि टेफ्लॉन टेप बदलून ते काम थोडक्यात होते. झाकणाच्या मध्यभागातून पाणी येत असेल, तर बहुधा कॉइल ज्या चकतीवर बसवलेली असते, त्या फ्लँजचे गास्केट (रबरी सील) गेलेले असते. ते बदलताना ॲनोड रॉडही पाहायला सांगावे, कारण टाकीऐवजी स्वतः झिजणारा हा दांडा संपला की गंज टाकीला धरतो. गिझरचा वरचा भाग ओला असेल, तर मात्र गिझरला दोष न देता वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची चौकशी करावी.

प्रश्न : आमच्या जुन्या गिझरच्या झाकणातून तांबूस पाणी गळते. टाकी वेल्डिंग करून मिळेल, असे दुरुस्तीवाले सांगतात. करून घ्यावी का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : गास्केट बदलूनही तांबूस पाणी येत असेल, तर टाकीला आतून भोक पडलेले आहे. आतून काचेचा लेप असलेल्या लोखंडी टाकीला वेल्डिंग केले की उष्णतेने आजूबाजूचा लेप तडकतो आणि गंजायला नवी जागा मिळते, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत. टाकीची वॉरंटी बहुधा कॉइलच्या वॉरंटीपेक्षा जास्त वर्षांची असते, म्हणून आधी जुने कार्ड शोधावे.

गिझर उतरवताना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. पुरवठ्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ सोडल्याने उभी टाकी रिकामी होत नाही, कारण गरम पाणी नेणाऱ्या नळीचे तोंड आत वरच्या टोकाशी असते. तो नळ उघडा ठेवून थंड पाण्याच्या बाजूने, व्हॉल्व्हची कळ उचलून पाणी काढावे लागते. नाहीतर टाकीच्या वजनात २५ किलोची भर पडलेली असते. नवा गिझर बसवल्यावर गरम पाण्याच्या नळातून हवा न येता सलग धार पडू लागेपर्यंत बटण चालू करू नये, अन्यथा कोरडी कॉइल पहिल्याच दिवशी जळते.