पेशी सारख्याच, मग आलेखात दोन उंचवटे कशामुळे?

तुमचा प्रश्न असा: एकाच पेशीपासून वाढवलेल्या, एकाच फ्लास्कमधल्या पेशी आहेत. मायक्रोआरएनएचं (एमआरएनएला, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीच्या जनुकाच्या प्रतीला, चिकटून तिला निकामी करणाऱ्या छोट्या आरएनएचं) लक्ष्य असलेलं जनुक काहींत भरपूर प्रथिन बनवतं, काहींत जवळपास शून्य, म्हणून आलेखात पेशींचे दोन उंचवटे दिसतात. यामागे फीडबॅकचा स्विच, म्हणजे जनुकाला स्वतःच्याच परिणामामुळे चालू किंवा बंद अशा दोन अवस्थांत अडकवणारी यंत्रणा, असलाच पाहिजे का?

असलाच पाहिजे असं नाही. मीही इथेच अडकले होते. फ्लो सायटोमीटरच्या (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर दोन उंचवटे पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटलं, कल्चरमध्ये दुसऱ्या पेशी मिसळल्या. गोठवलेली नवी व्हायल काढून सगळं पुन्हा वाढवलं. पुन्हा तेच दोन उंचवटे.

हे घरखर्चासारखं आहे. समजा, पेशीतले मायक्रोआरएनए ठरावीक वेळात 100 एमआरएनएंना धरून निकामी करतात. पेशीने 80 एमआरएनए बनवले तर हाती काहीच उरत नाही. 105 बनवले तर 5 उरतात, 115 बनवले तर 15. म्हणजे आवक जेमतेम दहा टक्क्यांनी वाढली आणि शिल्लक तिप्पट झाली. प्रथिन बनतं ते या शिलकीतून. साधा रिप्रेसर (जनुकाची प्रत निघणंच कमी करणारं प्रथिन) असता तर एवढी उडी पडली नसती. इथे वजाबाकी आहे, म्हणून उंबरठा आहे.

हा उंबरठा प्रत्यक्ष मोजलेला आहे. ई. कोलायमध्ये लोह कमी पडलं की रायएचबी नावाचा, मायक्रोआरएनएसारखंच काम करणारा जिवाणूंमधला छोटा आरएनए तयार होतो आणि सॉडबीसारख्या जनुकांचे एमआरएनए नष्ट करतो, त्यात स्वतःही खर्ची पडतो. 2007 मध्ये लेव्हिन, ह्वा आणि सहकाऱ्यांनी याच जोडीवर दाखवलं की उंबरठ्याखाली जनुक गप्प असतं, वर सरळ रेषेत चढतं. 2011 मध्ये एमआयटीच्या गटाने सस्तन पेशींत एकाच प्रमोटरच्या (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) दोन बाजूंना पिवळं आणि लाल अशी दोन चमकणारी प्रथिनं बसवली. मायक्रोआरएनए चिकटण्याची जागा फक्त लाल प्रथिनाच्या एमआरएनएवर. पिवळं वाढत गेलं तरी लाल आधी खालीच राहिलं, मग एका टप्प्यानंतर चढू लागलं. सस्तन पेशींतला मायक्रोआरएनए बहुतेकदा पुन्हा वापरला जातो, त्यामुळे वळण थोडं बोथट असतं, पण असतं.

आता पेशी-पेशींतला फरक. 2002 मध्ये एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी एकाच जिवाणूत दोन रंगांची प्रथिनं सारख्याच प्रमोटरखाली ठेवून या फरकाचे दोन भाग वेगळे केले. एक आतला: रेणू मोजके असल्यामुळे होणारी निव्वळ योगायोगाची चढउतार. दुसरा बाहेरचा: या पेशीत रायबोसोम (प्रथिन बनवणारी यंत्रं) जास्त, ती पेशी नुकतीच विभागलेली, असा. सरासरी उंबरठ्याजवळ असेल तर हा बाहेरचा फरकच काही पेशींना खाली ढकलतो, काहींना वर नेतो. प्रत्येक पेशीला एकच स्थिर अवस्था असूनही गर्दीत दोन गट पडतात.

यात एक बारकावा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पेशी मोठी असल्यामुळे एमआरएनए आणि मायक्रोआरएनए दोन्ही सारख्याच पटीत वाढले, तर उंबरठा ओलांडला जात नाही. आवक दुप्पट, खर्चही दुप्पट. गट पडतात ते दोघांचे फरक एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा. म्हणून फक्त एमआरएनए मोजून भागत नाही.

उंबरठ्यापासून दूर मात्र चित्र वेगळं. 2015 मध्ये श्मीडेल आणि सहकाऱ्यांना आढळलं की कमी व्यक्त होणाऱ्या, म्हणजे कमी प्रथिन बनवणाऱ्या जनुकांत मायक्रोआरएनए चढउतार उलट कमी करतो. तितकंच प्रथिन जास्त एमआरएनएंतून थोडंथोडं बनतं, आणि योगायोगाचा धक्का वाटला जातो. भरपूर व्यक्त होणाऱ्या जनुकांत मायक्रोआरएनएच्या साठ्यातला फरक वरचढ ठरतो आणि चढउतार वाढते.

तुमच्या आलेखाबद्दल आधी एक बघा: सायटोमीटरची पट्टी बहुतेक लॉगवर असते आणि डावा उंचवटा पेशीच्या स्वतःच्या नैसर्गिक चमकेवर साचलेला असू शकतो. तुलनेसाठी चमकणारं प्रथिन न घातलेल्या पेशीही यंत्रातून चालवा. मग दुसऱ्या रंगाचं, मायक्रोआरएनएची जागा नसलेलं प्रथिन घालून त्याच्या पातळीनुसार पेशींचे अरुंद पट्टे पाडा. एका पट्ट्यात दोन गट विरून एकच उरला, तर ते गट त्या जनुकाच्या निर्मितीतल्या फरकाचे. पट्ट्यातही दोन राहिले, तर मायक्रोआरएनएची पातळी एकेका पेशीत मोजावी लागेल, आणि ती सगळीकडे सारखी निघाली तरच मी फीडबॅक शोधायला घेईन.