कोकणात सोलर इन्व्हर्टर घेताना

दादा, आधी एवढं ठरवा: लाइट गेल्यावर घर चालायला हवं का? साधा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला बिनबॅटरीचा इन्व्हर्टर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठीच ती सोय असते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोलीकडे कित्येक दिवस अंधार होता, म्हणून मी तरी बॅटरीवाला हायब्रिडच सांगेन. त्यावर विहिरीचा पंप चालवायचा असेल तर १ एचपी म्हणजे साधारण ७५० वॅट एवढ्यावर हिशेब करू नका. सुरू होताना पंप कितीतरी पट करंट ओढतो. खाऱ्या वाऱ्यासाठी आयपी६५, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी बॉडी घ्या, तीही पडवीत, पागोळ्यांपासून लांब लावा. आणि अर्थिंग! जांभ्यात ते सहज लागत नाही. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत एसपीडीसकट (विजेचा वाढीव दाब अडवणारं उपकरण) तपासून घ्याच.