पगार कमी आहे यावर कायदा फार काही करणार नाही, पण स्लिपवर बेसिक 12,000 का आहे ते बघा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात मांडते. तुम्ही मूळचे कराडचे, वय 29, खराडीतल्या एका बॅक ऑफिसमध्ये इन्शुरन्स क्लेमचं काम करता, नोव्हेंबर 2022 पासून तिथेच आहात. ऑफर लेटरवर सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, 4,20,000 आणि हातात महिन्याला येतात 26,860. ज्या दोन नव्या मुलांना तुम्ही स्वतः शेजारी बसवून काम शिकवलंत त्यांना 32,000 मिळतात. टाउनहॉलमध्ये साहेब म्हणाले वर्ष कठीण गेलं, इन्क्रिमेंट नाही, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने वरचा अख्खा मजला घेतला. त्यात डिसेंबर 2024 मध्ये सहा दिवसांच्या ट्रेनिंगच्या नावाखाली दोन वर्षांच्या आत सोडलं तर दीड लाख भरायचे असा बॉन्ड सही करून घेतलाय, सोबत बी.कॉम.चं मूळ सर्टिफिकेट आणि एक सही केलेला कोरा चेक. आता तुम्हाला वाटतंय की सोमवारपासून जायचंच नाही, बघू काय करतात ते.

आधी हेच सांगते, तसं करू नका. राग अगदी रास्त आहे, पण न सांगता जाणं बंद केलंत की रेकॉर्डवर तुम्ही 'अ‍ॅब्सकाँडिंग', म्हणजे पळून गेलेले, होता आणि पुढची कंपनी बॅकग्राउंड चेक करते तेव्हा हाच शब्द समोर येतो. माझ्याकडे गेल्या वर्षी एक मुलगी आली होती, तिचे कंपनीकडे दोन महिन्यांचे पैसे अडकलेले, तिची बाजू शंभर टक्के खरी, पण ती एक दिवस उठून गेलीच नाही आणि मग आमचा निम्मा वेळ ती पळून गेली नव्हती हे पटवण्यात गेला.

आता न आवडणारी गोष्ट. नव्या मुलांना जास्त आणि तुम्हाला कमी, हा अन्याय आहे, पण खाजगी कंपनीत एवढ्यावर केस उभी राहत नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व कोर्टांनी मुख्यतः सरकारी नोकऱ्यांच्या बाबतीत लावलंय. खाजगीत कायदा पगारातला भेदभाव थांबवतो तो स्त्री-पुरुष या कारणावरून असेल तर, आणि किमान वेतनाच्या खाली पगार जाऊ देत नाही. तुमचा पगार किमान वेतनाच्या वर आहे. इन्क्रिमेंटचंही तसंच, पत्रात 'मिळेल' असं ठरलेलं नसेल तर मागता येतं, वसूल करता येत नाही. कंपनी खरंच तोट्यात आहे का हे बघायचं असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर थोडी फी भरून तिचा ताळेबंद कोणालाही बघता येतो, बघाच, म्हणजे साहेबांचं ऐकायचं की नाही हे तुमचं तुम्हाला कळेल. पण फायदा दिसला म्हणून पगारवाढीचा हक्क तयार होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की 'पगार कमी' ही लढाई सोडा, आणि जे कायद्याने आधीच तुमचं आहे पण दिलेलं नाही ते मोजायला घ्या. तुम्ही पाठवलेली स्लिप मी समोर ठेवलीय. बेसिक 12,000, घरभाडे भत्ता 5,500, स्पेशल अलाउन्स 11,000, एकूण 28,500. त्यातून पीएफचे 1,440 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 गेले की 26,860. मग 4,20,000 कुठे गेले? वर्षाच्या 3,42,000 वर कंपनीचा पीएफ 17,280, ग्रॅच्युइटी 6,923, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, 42,000 आणि उरलेला ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता, असं धरून तो आकडा केलाय. यातली ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तुमच्यासारख्या कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांनी लागू होते, म्हणजे आज सोडलंत तर तीन वर्षं सीटीसीत दाखवलेले वीसएक हजार तुम्हाला मिळणार नाहीत, हे मन घट्ट करून सोडून द्या. व्हेरिएबलचं ऑफर लेटरमधलं वाक्य बघितलं, 'अप टू' आणि 'मॅनेजमेंटच्या मर्जीनुसार' हे दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे तिथेही फार आशा धरू नका, मात्र एखाद्या वर्षी रेटिंगची मेल येऊन आकडा ठरला होता आणि तरी दिला नाही असं असेल तर ती मेल मला हवीय.

खरा मुद्दा बेसिकचा आहे. बेसिक एवढा कमी का? पीएफ वाचवायला. पण 28 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने विवेकानंद विद्यामंदिरच्या प्रकरणात सांगितलंय की जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो तो पीएफसाठी मूळ पगारातच धरायचा. तुमचा स्पेशल अलाउन्स तुमच्या टीममध्ये सगळ्यांना आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पीएफचे 12 टक्के 23,000 वर यायला हवे होते, आणि कंपनीने कायद्याची 15,000 ची मर्यादा धरली तरी महिन्याला 1,800 व्हायला हवे होते, भरले 1,440. कंपनीच्या वाट्याचे महिन्याला 360 कमी, 38 महिन्यांचे 13,680. तुमच्या वाट्याचेही तेवढेच कमी कापले गेलेत, म्हणजे पुढे दुरुस्ती झाली तर हातातला पगार थोडा उतरेल, हे आधीच सांगून ठेवते. याची तक्रार पीएफच्या तक्रार पोर्टलवर करता येते, वकीलही लागत नाही. आधी उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघा की निदान कापलेले पैसे तरी दर महिन्याला भरलेत का.

आणि गंमत नाही, पण ज्या बेसिकने तुमचा पीएफ खाल्ला त्याच बेसिकमुळे तुम्ही बोनसला पात्र होता. 2024-25 ला लागू असलेल्या 1965 च्या बोनस कायद्यात पगार म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता, बाकीचे भत्ते धरत नसत, आणि मर्यादा महिन्याला 21,000 ची होती. तुमचं बेसिक 12,000. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत किमान 8.33 टक्के बोनस द्यावाच लागतो, नवीन कंपनीला पहिली पाच वर्षं सूट असते, पण तुमची कंपनी त्याहून जुनी आहे, आणि वर्ष कठीण गेलं म्हणून किमान बोनस चुकवता येत नाही. हा बोनस 7,000 किंवा त्या कामाचं किमान वेतन यातल्या जास्त रकमेवर त्या कायद्यात काढत, म्हणजे वर्षाला कमीत कमी सात हजाराच्या आसपास. तुमच्या एकाही स्लिपवर किंवा सीटीसीच्या तक्त्यात 'बोनस' ही ओळ मला दिसली नाही. 2024-25 चा बोनस 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत द्यायला हवा होता. मुदतीचा प्रश्न येतो, त्यामुळे हे लांबणीवर टाकू नका.

आता बॉन्ड, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटतेय. बॉन्ड म्हणजे आपोआप बेकायदा असं इंटरनेटवर वाचून खूप जण निर्धास्त होतात, तसं नाही. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने दोन लाखांचा बॉन्ड वैध धरला, पण ती सरकारी बँक होती, भरतीची सगळी प्रक्रिया परत करण्याचा खर्च आणि त्रास कोर्टाने लक्षात घेतला. तुमच्याकडे काय, तर त्याच ऑफिसात त्याच टीम लीडरने घेतलेलं सहा दिवसांचं ट्रेनिंग. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे बॉन्डवरचा दीड लाख हा जास्तीत जास्त आकडा आहे, मिळतं ते वाजवी नुकसान, आणि तुम्ही 24 पैकी 13 महिने पूर्ण केलेत. त्यामुळे पहिलं काम, ट्रेनिंगवर कंपनीने किती खर्च केला त्याची बिलं लेखी मागा. बॉन्ड आहे म्हणून कोर्ट कोणाला बळजबरीने खुर्चीवर बसवून ठेवत नाही, वाद झाला तर पैशाचा होतो.

सर्टिफिकेट तारण म्हणून ठेवायचा कंपनीला काहीही अधिकार नाही. तुम्ही लिहिलंय की एचआरच्या मॅडमनी सर्टिफिकेट घेतल्याची नोंद रजिस्टरवर केली, त्याखाली सही तुमचीच घेतली आणि तुम्हाला पोच म्हणून चिठ्ठीसुद्धा दिली नाही. मग पोच आता आपण तयार करायची. साधी दोन ओळींची मेल टाका, 'अमुक तारखेला जमा केलेलं माझं बी.कॉम.चं मूळ सर्टिफिकेट मला परत हवं आहे, कधी घ्यायला येऊ?' त्या म्हणाल्या बॉन्ड संपल्यावर मिळेल, तर झालं, सर्टिफिकेट त्यांच्याकडे आहे हे त्यांनीच लिहून दिलं. पुढे नाही दिलं तर वकिलाची नोटीस, आणि त्याने नाही भागलं तर पोलिसात तक्रार.

चेकची काळजी मात्र मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतेय. सही केलेला कोरा चेक कोणी भरून बँकेत टाकला तर तो कोरा दिला होता एवढं म्हणून सुटका होत नाही, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा धरून चालतो आणि तसं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. नुसतं बँकेत स्टॉप पेमेंट टाकूनही कलम 138, म्हणजे चेक बाउन्सचा गुन्हा, टळत नाही. चेकबुकचा रेकॉर्ड काढा, नंबर शोधा, आणि त्याच मेलमध्ये लिहा की या नंबरचा चेक रक्कम आणि तारीख न भरता फक्त बॉन्डची हमी म्हणून दिला होता, माझ्याकडून कुठलीही रक्कम देय नाही, तो परत करावा. ही मेल राजीनाम्याच्या आधी गेली पाहिजे. आणि कधी चेक बाउन्स झाल्याची नोटीस आली तर 15 दिवस हातात असतात, नोटीस न घेणं किंवा घेऊन कपाटात टाकणं असलं काही करू नका, त्याच दिवशी वकिलाकडे जा.

नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे, तो करारात आहे, त्यामुळे एकतर पाळा नाहीतर लेखी बोलून बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटणं, ठरवा. एचआर म्हणेल फुल अँड फायनलला, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाला, 45 दिवस लागतात, सगळीकडे हीच पद्धत आहे. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झालीय, तिच्यात राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. आणि तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं म्हणजे जुन्या पगार कायद्यात 24,000 ची मर्यादा होती, तुमच्या पगाराचा माणूस दारातूनच परत यायचा, संहितेत ती मर्यादा नाही, सुपरवायझर-मॅनेजरही तिच्यात येतात. दावा तीन वर्षांत करता येतो, आणि पगार किंवा बोनस दिला हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे.

तरी कागद तुमच्याकडे हवेतच. ऑफर लेटर, बॉन्डची कॉपी, 38 स्लिपा, अप्रेझलच्या मेल, शनिवारी बोलावल्याचे मेसेज आणि स्वाइपची नोंद, कारण आठवड्याला 48 तासांच्या वरच्या कामाचा ओव्हरटाइम दुप्पट दराने मागता येतो का तेही मला बघायचंय. फक्त तुमचे स्वतःचे कागद घ्या, क्लेमची किंवा ग्राहकाची एकही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवू नका, नाहीतर चोरीचा आरोप तुमच्यावरच येईल. स्लिपा पोर्टलवरून या शनिवार-रविवारी उतरवून घ्या, सर्टिफिकेट आणि चेकची मेल सोमवारी सकाळी टाका आणि राजीनामा तिच्या उत्तरासाठी आठवडाभर थांबून मग द्या, कारण बऱ्याच ठिकाणी राजीनामा पडला की दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद होतं.