बायबल सगळं वाचायलाच पाहिजे का?

प्रश्न : ताई, मी सांगलीला एमए इंग्लिश करतेय, फर्स्ट इयर. इंग्रज कवी मिल्टन काढा नाहीतर अमेरिकन कादंबरीकार फॉकनर, खाली बायबलची टीप असतेच. आमच्या घरात ते कुणी उघडून बघितलेलं नाही. सगळं वाचायला लागतंय का? आणि ज्यूंचं नि ख्रिश्चनांचं बायबल एकच का?
– एक विद्यार्थिनी, विश्रामबाग

उत्तर : सगळं नको, निदान आत्ता तरी नको. पहिल्या पानापासून सलग बसलीस तर लेवीय नावाच्या पुस्तकातल्या यज्ञबळीच्या नियमांत अडकशील नि पुस्तक मिटून ठेवशील. त्यापेक्षा सरळ इस्राएलचा राजा दावीद याच्यावर जा, म्हणजे बायबलमधली शमुवेलची दोन पुस्तकं. राक्षसासारख्या गल्याथाला गोफणीनं पाडणारा पोरगा सगळ्यांना माहीत असतो पण माझ्या मते खरा दावीद दुसऱ्या शमुवेलच्या अठराव्या अध्यायात आहे. पोटचा पोरगा अबशालोम बापावर उठलाय, लढाई चाललीय, नि म्हातारा राजा वेशीच्या दोन दरवाजांमध्ये बसून राहिलाय. वरून पहारेकरी ओरडतो, एकटा माणूस पळत येतोय. निरोप्या म्हणतो जिंकलो, राजा विचारतो पोरगा बरा आहे ना. दुसरा निरोप्या येतो, तोही जिंकल्याचंच सांगतो, राजा परत तेच विचारतो. पोरगा झाडात डोकं अडकून लोंबकळत होता नि त्याला सांभाळून घ्या असं बजावलेलं असताना राजाच्याच सेनापतीनं त्याला मारलं, हे आपण आधीच वाचलेलं असतं, बापाला अजून पत्ता नसतो. मग तो वेशीवरच्या खोलीत चढतो नि रडतो, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर, माझ्या लेकरा. फॉकनरनं १९३६ च्या कादंबरीला 'अबशालोम, अबशालोम!' हे नाव दिलं ते इथून, आणि हा अध्याय वाचला नाहीस तर त्यातलं बापलेकांचं दुखणं निम्मंच कळणार.

मग निर्गम हे पुस्तक. मोशे गुलामांना इजिप्तमधून सोडवतो ती गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी आपलीच म्हणून गायली, आणि त्यांचे मालकसुद्धा गुलामगिरीसाठी ह्याच पुस्तकाचा आधार देत होते हे विसरू नकोस. १९६३ ला वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्याय पाण्यासारखा वाहू दे हे म्हटलं ते आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं. शिवाय उत्पत्ती (त्यात सफरचंद कुठंच नाही, नुसतं फळ आहे), ईयोब, थोडी स्तोत्रं, लूक नि प्रकटीकरण, एवढ्यावर एमए निभावतं.

आता दुसरा प्रश्न. ज्यूंचं ते तनाख, २४ पुस्तकं. तोच मजकूर प्रोटेस्टंट पंथाचे ख्रिश्चन जुना करार म्हणून ३९ पुस्तकांत मोजतात, क्रम वेगळा लावतात, वर येशू नि त्याच्या शिष्यांबद्दलच्या नव्या कराराची २७. कॅथलिक पंथाच्या जुन्या करारात आणखी काही आहेत, त्यांची एकूण ७३. नवा करार ज्यू मानत नाहीत, त्यामुळं 'जुना करार' हे नावच ख्रिश्चनांचं. पण खरा फरक अर्थ लावण्यात आहे. यशया या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुःख सोसणारा एक सेवक येतो. ख्रिश्चन म्हणतात हा येशू, ज्यू परंपरेत बहुतेक ठिकाणी तो म्हणजे इस्राएल लोक. तसंच आदमाचं पाप जन्मतःच प्रत्येकाच्या वाट्याला येतं ही मांडणी पश्चिमेकडं ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडितापासून घट्ट झाली, ज्यू तसं मानत नाहीत, आणि मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' त्या ख्रिश्चन अर्थावरच उभं आहे. त्यामुळं पेपरात 'बायबल सांगतं' असं मोघम लिहू नकोस, कुणाच्या मते ते लिही.

मिरजेला कुणी ख्रिस्ती ओळखीचं असेल तर मराठी पवित्र शास्त्र मागून आण, गोष्ट आधी त्यात वाच, नि मग तोच अध्याय १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात मोठ्यानं वाच, कारण मिल्टन, फॉकनर दोघांच्याही कानात तीच इंग्रजी होती.