एकटीला ने

बेटा,

परवा रात्री तू ओट्यावर अर्धा तास बोललास. त्यातलं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि ते तुझं नाही, तुझ्या पोरीचं आहे. तुम्ही चौघं फुटाळ्यावर गेलात, छोटा रडायला लागला, त्याला घेऊन तुम्ही दोघं उठलात, तेव्हा तिनं हातातलं भाजलेलं कणीस तलावात फेकलं आणि म्हणाली, "तुम्ही तिघं जा." सहा वर्षांची पोट्टी! घरात माणसं चार आणि तिचा हिशेब तिघांचा. वर तू मला विचारतोस, "काका, मी कुठं चुकून राहिलो?"

तेव्हा मी गप्प बसलो, कारण तुझी काकू आत जागी होती. तिच्यादेखत या विषयावर शहाणपण सांगायला मला तोंड नाही. म्हणून एका जिन्याच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला पत्र लिहितोय. हसू आलं तर हस.

तू चांगला बाप आहेस वगैरे मी लिहिणार नाही. पोरांवर जीव नसता तर रात्री अकराला माझ्या ओट्यावर येऊन बसला नसतास. मला एवढंच सांगायचं आहे: तिला एकटीला ने. या तीन शब्दांपलीकडे माझ्याजवळ फारसं काही नाही.

तू म्हणालास, रविवारी मी आख्खा दिवस त्यांच्यासोबत असतो. घोळ त्या 'त्यांच्यासोबत' मध्येच आहे. छोटा रडतो, सूनबाई पिशवीत दुपटं शोधते, तू पार्किंगवाल्याशी हुज्जत घालतोस आणि पोरगी तुमच्या मागून चालत असते. घरी येऊन तू म्हणतोस, एवढं फिरवलं तरी हिचं तोंड फुगलेलंच.

हे मला इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण मीही हेच केलं. मी ३४ वर्षं रेल्वेत गार्ड होतो, बहुतेक काळ मालगाडीवर. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी २०१० मध्ये गार्ड म्हणूनच रिटायर झालो. इथं नागपुरातच, अजनीच्या क्वार्टरबाहेर ड्यूटीचं बोलावणं आणणाऱ्या कॉलवाल्याच्या सायकलची घंटी वाजली की दोन तासांत ड्यूटीवर हजर. मग कधी आमला, कधी इटारसी, कधी बल्लारशा. तिथल्या रनिंग रूममध्ये पडायचं, परतीची गाडी मिळाली की घर. आठ तासांच्या वर ड्यूटी झालेली असली तर घरी सोळा तासांची रेस्ट, त्यातले निम्मे तास झोपेत. आमच्या घरात सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य 'बाबा झोपलेत' हेच असणार. मे महिन्याच्या दुपारी काकू पोरांना बाहेर निंबाखाली बसवायची आणि कूलरच्या खोलीत मी एकटा घोरायचो. न झोपलेल्या गार्डाला ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात, बसवू नये हे मी आजही छातीठोकपणे सांगीन. पोरांवर कधी हात उचलला नाही, दारूला शिवलो नाही, फिया वेळेवर भरल्या. केंद्र सरकारनं बापांना बाळंतपणाची १५ दिवसांची रजा दिली ती पाचव्या वेतन आयोगानंतर. तोवर माझा पोरगा कॉलेजात जायला लागला होता.

बघ, मी स्वतःचीच वकिली करायला लागलो. काकू म्हणते, "तुम्हाला कोणी आरोपी केलं का?" नाही केलं. तरी सुटत नाही.

तर जो वेळ मिळायचा त्यात मी न्यायानं वागतो, हा माझा मोठा अभिमान होता. स्कूटरवर पोरगा पुढं उभा, पोरगी मागं. महाराजबागेत दोघं, बर्डीवर दोघं, संत्र्याची बर्फी आणली तर तुकडे मोजून सारखे. पतंग दोन, चकऱ्या दोन. 'माझ्या घरात भेदभाव नाही' असं मी पाहुण्यांना ऐकवायचो. दोघांना नेलं की दोघांचं झालं, असा माझा हिशेब. वॅगन मोजणाऱ्या माणसाचा हिशेब होता तो.

मागच्या दिवाळीत लेक आली होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे, मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. जेवताना सहज म्हणाली, "बाबा, तुम्ही मला एकटीला एकदाच नेलं. दादाला गालफुगी झाली होती तेव्हा."

मला आठवेना. मग ती सांगायला लागली. १९८८ चा तान्हा पोळा. (सूनबाई साताऱ्याकडची, तिला हे नवं असेल. सांग तिला, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघर नेतात आणि लोक त्यांना बोजारा म्हणून पैसे देतात, खाऊ देतात. शहरात त्याच दिवशी मारबत, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते.) दादा गळ्याला मफलर गुंडाळून घरी, म्हणून मी तिला एकटीला घेऊन निघालो. पुलियाजवळ बैलाचं एक चाक निघालं. मी सायकलवाल्याकडून तार मागून आणली, ती दातांनी वाकवली, ओठातून रक्त आलं. मग पुलियावर बसून मी तिला विचारलं, बैलाचं नाव काय? ती म्हणाली, मालगाडी. मी म्हणे इतका हसलो की समोरची तीन घरं घ्यायची राहून गेली. बोजाऱ्याच्या पैशातून तिनं मला फुटाणे खाऊ घातले. सगळं मिळून दीड तास झाला असेल.

आणि मला त्यातलं काय आठवतं? सकाळीच आमल्याहून उतरलो होतो आणि डोळे चुरचुरत होते. बस. ३७ वर्षं तिनं जे जपून ठेवलं होतं, ते माझ्याजवळ नव्हतंच.

शेवटी ती हसत म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, दादाला बरं वाटूच नये." काकू पोळी आणायला उठली ती बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिली.

मालगाडी धडधडत स्टेशनातून निघून जाते ना, तेव्हा मागच्या डब्यातून गार्ड हिरवा झेंडा दाखवतो आणि फलाटावरून स्टेशनमास्तर किंवा पॉइंट्समन झेंडा दाखवून उत्तर देतो. 'ऑलराइट' म्हणतो आम्ही त्याला. हे प्रत्येक स्टेशनाशी वेगळं करावं लागतं. वर्ध्याला दाखवला म्हणून पुढच्या स्टेशनाचा माफ होत नाही. मी आयुष्यभर चिमुकल्या स्टेशनांशी एकेकट्यानं ऑलराइट केलं आणि घरातल्या दोन पोरांना मात्र एकाच झेंड्यात उरकलं. एकटीला ने, बाबा. एकटीला.

लेकीलाच मग मी खोदून खोदून विचारलं. तिनं सांगितलं, अमेरिकेत शीला आयबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात हट्टी, आदळआपट करणाऱ्या लहान मुलांच्या आईबापांसाठी एक उपचारपद्धत बसवली. त्यात आईबापांना रोजचा गृहपाठ असतो पाच मिनिटांचा. एक मूल, एक पालक, खेळ मुलाच्या मर्जीचा. हुकूम सोडायचा नाही, प्रश्नांचा भडिमार नाही, चूक काढायची नाही. ते जे करतंय ते बोलून दाखवायचं, ते जे बोललं ते त्याला परत म्हणून दाखवायचं, त्याच्यासारखंच करायचं. करून बघ म्हणजे कळेल किती अवघड आहे. मी नातवासोबत केलं. दुसऱ्याच मिनिटाला माझ्या तोंडून "अरे, असं नाही, असं" निघालं. नातवानं ठोकळे आवरायला घेतले.

ॲडलर नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरनं फार पूर्वी लिहून ठेवलंय म्हणे, की पाठचं भावंड आलं की पहिल्या मुलाची गादी जाते. तुझ्या पोरीची गेलीच आहे, ते तुला दिसतं. पण माझी लेक तर धाकटी होती. थोरल्याला निदान तीन वर्षं आईबाप एकट्याला मिळाले होते. हिच्या वाट्याला तसा एकही दिवस आला नव्हता. म्हणून छोटा अडीच-तीनचा झाला की त्यालाही एकट्याला न्यायचं आहे, हे आताच टिपून ठेव. त्याच्याबद्दल आज एवढंच. आज तो आईच्या मांडीवर खूश आहे, त्याला निमित्त करू नकोस.

आणि वेळ नाही हे मला सांगू नकोस. मिहानमधून तू आठला येतोस, मान्य. रोज दहा मिनिटं काढ आणि आठवड्यातून एकदा तासभर. मोठं काही लागत नाही. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरायचं काम तिच्यासोबत कर, पाइप तिच्या हातात दे, भिजली तर भिजली. अजनी चौकात मेट्रोत बसा, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जा आणि तसेच परत या. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर मेट्रो. तिथं खिडकीतून मालगाडी दिसलीच तर डबे तिला मोजू दे. चुकली तर चुकली. डबे ५८ असले तरी तू ५८ म्हणायचं नाहीस! रमण विज्ञान केंद्रात मात्र एवढ्यात नेऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पाचव्या मिनिटाला तू शिकवायला लागशील.

पाढे नको, 'शाळेत काय झालं' नको, फोन घरी. फोटोसुद्धा नको, कारण तू फोटो काढलास की तो आजीला पाठवशील, मग आजीचं उत्तर वाचशील आणि संपलं. तुमची पिढी त्याला क्वालिटी टाइम म्हणते. नाव काहीही ठेव, पण आधीपासून तिला सांगून ठेव की अमुक वारी तू आणि मी. वाट बघण्यातही तिचा बाप तिच्याजवळ असतो. आणि एकदा सांगितलंस तर मोडू नकोस.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो, कारण परवा तुझ्या तोंडून निघाली म्हणून. तू म्हणालास, "नीट वागली तर नेईन." नाही! हे बक्षीस नाही. त्या दिवशी तिनं छोट्याला चिमटा काढला असेल, दूध सांडलं असेल, तुला उलट बोलली असेल, तरी ठरलेल्या वेळी चप्पल घालून दारात उभं राहायचं. चिमट्याबद्दल जे बोलायचं ते चिमट्याच्या वेळी बोल. माझी लेक म्हणते, ज्या दिवशी मूल सगळ्यात वाईट वागतं त्या दिवशी त्याला याची सगळ्यात जास्त गरज असते. मला हे पटायला वेळ लागला. आमच्या वेळी उलट होतं: वाईट वागलास ना, मग बस घरी.

तू घरी नसताना छोट्याला एकटीनं सांभाळायचं सूनबाईनं, हे तुझ्या डोक्यात आलं असेल तर बरं आहे, आलं नसेल तर आण. तिलाही पोरीसोबत एकटीचा वेळ हवा. तेव्हा छोटा तुझ्या खांद्यावर. आणि दोघांनाही जमलं नाही तर तासभर त्याला खाली आणून द्या. काकूच्या मांडीवर तो रडत नाही, हे मी पाहिलंय.

माझ्या पोराबद्दल तू परवा विचारलंस. तो पुण्याला असतो. दर रविवारी फोन करतो, बीपी विचारतो, ऊन किती आहे विचारतो, चार मिनिटांत फोन ठेवतो. चांगला मुलगा आहे. त्याच्या गालफुगीच्या वेळी मी त्याच्याजवळ बसलो होतो का, हे त्याला विचारायचं मी ठरवतो, पण फोन आला की आमची गाडी उन्हावरच येऊन थांबते. काकू म्हणते, पुण्याला जा आणि चार दिवस राहा त्याच्याजवळ. मी म्हणतो, तो कामात असतो. ती म्हणते, हो, तोही.

पोळा पंधरा दिवसांवर आला आहे. मालगाडी आमच्या माळ्यावर आहे, निळ्या ट्रंकेच्या मागं. तिच्या मागच्या उजव्या चाकाला अजून तीच तार आहे; ती बदलू नकोस, फक्त गंजलेलं टोक आत वळवून घे, पोरीच्या बोटाला लागेल. रंग उडालाय, तो तिला लावू दे, शिंगं हिरवी केली तरी चालेल. रविवारी सकाळी नऊला ये. मी जागाच असतो. पोरीला घेऊन ये आणि छोट्याला वरच ठेव.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका