वारा कुठून येतोय ते बघा: शिगम्याच्या आठवड्यातलं हवामान, तुमचे प्रश्न

मोबाईलवर पुढचे सातही दिवस ३३ डिग्री दिसतंय. तरी मध्येच एखादा दिवस ३७ वर कसा जातो? (म्हापसा)

कारण गोव्यात दिवस किती तापणार हे सूर्यापेक्षा वाऱ्यावर जास्त ठरतं. मार्चच्या सुरुवातीला पणजीत दिवसा ३२-३३ आणि रात्री २१ ते २३ हे नेहमीचंच, आणि दिवसाचा आकडा तिथे अडकून राहतो तो खाऱ्या वाऱ्यामुळे. सकाळी मतलई असते, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे, मग ११-१२ वाजता जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्रावरची हवा आत येते, पारा तिथेच थांबतो. पण देशाच्या मध्यभागावर हवेचा दाब वाढला की पूर्वेचा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-तीनपर्यंत आतच येऊ देत नाही. त्यात ही हवा घाट उतरून येते, आणि कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की साधारण १० डिग्रीने तापते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे तिथली ३० डिग्रीची हवा चोर्ला घाटाच्या बाजूने खाली आली की इथे ३७ झालीच. म्हणून या आठवड्यात रोज सकाळी आकड्याच्या आधी वाऱ्याची दिशा बघा. दुपारी बारालाही वारा पूर्वेचाच असला तर त्या दिवशी ३३ वर विश्वास ठेवू नका.

३३ असताना ४० सारखं का वाटतं? (मडगाव)

दमटपणा. ३३ डिग्री आणि आर्द्रता ६० टक्के असली की अंगाला ३९-४० सारखंच लागतं, घाम सुकत नाही म्हणून. शिवाय वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो, झडपांच्या पांढऱ्या पेटीत जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास ठेवलेल्या थर्मामीटरचा. डांबरावर उभं राहणाऱ्याला तो लागू नाही.

शिगम्याच्या मिरवणुकीत मुलं रोमटामेळात (ढोल वाजवत नाचत जाणाऱ्या पथकात) नाचणार आहेत, दुपारी तीनला जमायला सांगितलंय. काळजी करण्यासारखं आहे का? (फोंडा)

आहे, आणि आयोजकांना स्पष्ट सांगा. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ किंवा वर आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने जास्त असलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं, पण अंगावर फेटा, कंबरेला शेला, हातात ढोल घेऊन तापलेल्या रस्त्यावर थांबलेल्या पोराला त्या निकषाचं काय, त्याला ३४ लाही चक्कर येऊ शकते. पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशी तर फसायला होतं, हवा कोरडी म्हणून घाम लगेच उडून जातो, मुलांना वाटतं घामच येत नाही, आणि पाणी मात्र अंगातून जातच असतं. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी, सरबत, पेज, सोलकढी काहीही द्या, जमायची जागा सावलीत मागा. मूल घाबरंघुबरं झालं, उलटी झाली, बडबडायला लागलं तर अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

काजूला मोहर आहे, दोन दिवस ढगाळ दिसतंय. पाऊस पडेल का? फवारणी करू? (सत्तरी)

मार्चमध्ये गोव्यात पाऊस जवळजवळ नसतोच, घाटाकडून गडगडत येणारे ढग एप्रिल-मे मधले. पण नुसतं ढगाळ दमट हवामानही ढेकण्या किडीला पुरतं, त्यामुळे कोवळी पालवी आणि मोहर रोज स्वतः बघा, देठावर काळपट चट्टे दिसले तर विभागीय कृषी कार्यालयात फांदी घेऊनच जा. औषध त्यांनी सांगितलेलंच, आणि मधमाश्या मोहरावर असताना नको, संध्याकाळी. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो तो वाचून मगच दिवस ठरवा.

आणि एक कळकळीची विनंती. बिया वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, ते पूर्वेचा वारा असताना अजिबात करू नका. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणून पाणी टाकावं लागलं होतं. पाला गोळा करून झाडाच्या बुंध्याशीच आच्छादन करा, ओल टिकते.

दिवसा एवढं ऊन, मग सकाळी डिचोलीहून पणजीला येताना धुकं कसं काय? (डिचोली)

आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर थंड होते, नदीकाठच्या सखल भागात दमट हवा साचून राहते, तिचंच धुकं. किनाऱ्यावर कमी, आत जास्त. साधारण आठ-साडेआठला विरतं. स्कूटरवर असाल तर लो बीम लावा, आणि पुलाजवळ वेग कमी ठेवा, तिथे धुकं अचानक दाट होतं.